शिडातला दुहेरी टाका

कॅटालिना बेट,
४ जून १९३५

प्रिय ताईस,

टोन्कोचा नमस्कार. शाळेतल्या पोरांना सांग, त्यांच्या बाईंचा भाऊ समुद्री चाचा झाला आहे. कानात पितळी बाळी, कमरेला लाल पट्टा. तारल्यांचा हंगाम संपल्यासंपल्या सिनेमा कंपनीने सान पेद्रोचे आम्ही सगळे कोळी उचलून या बेटावर आणले. शिडाच्या गलबतावर चढता येणारी माणसं हॉलिवुडात मिळत नाहीत म्हणे. बाबांनाही शिडं शिवायला घेतलं आहे. मायदेश सोडल्यापासून त्यांच्या सुईला नुसती जाळीच मिळाली होती, त्यामुळे म्हातारा खूश आहे, पण दाखवत नाही.

आणखी एक. नायकाने शिडात सुरा खुपसून वरून खालपर्यंत घसरत यायचं आहे. नायकसाहेब स्टुलावर चढले तरी देवाचं नाव घेतात, तेव्हा त्यांच्या कपड्यांत मी. भिऊ नकोस, यात लबाडी आहे. शिडाची एक शिवण आधीच उसवून ठेवतात आणि तिला वरवर कच्च्या दोऱ्याने धावदोरा घालतात. सुरा घट्ट धरून ठेवायचा, शिवण उसवत जाते आणि माणूस बेताबेताने खाली येतो. धावदोरा बाबा घालतात आणि दिवसभर कुरकुरतात, की मला बापाने शिवण टिकवायला शिकवलं, आणि हे लोक फाटण्यासाठी शिवून घेतात.

आईला कळवू नकोस. तू मास्तरीण आहेस, पोलीस नाहीस.

तुझा,
टोन्को


ओकलंड,
८ जून

चि. टोन्को यास,

अनेक आशीर्वाद, आणि त्याखालोखाल दोन थपडा.

तुझं पत्र दोनदा वाचलं. त्यात बाळी आहे, पट्टा आहे, नायकाचं स्टूल आहे. डोलकाठीच्या खाली काय बांधलं आहे, ते कुठेच नाही. शिवण मध्येच अडली तर? हात सुटला तर? खाली गादी, जाळी, काही आहे का? तू विचारलं असशील आणि जाळीच्या दोऱ्या चित्रात दिसतात असं कोणी म्हटलं असेल, तर दिसू देत. लोक चाचे बघायला येतात, तुझी हाडं बघायला नाही.

तुम्ही सगळ्यांनी डबाबंद माशांच्या कारखान्यात मासे साफ करून मला विद्यापीठात पाठवलं. आपल्या घरात एक तरी माणूस या लोकांशी त्यांच्या भाषेत बोलू शकेल, म्हणूनच ना? तेव्हा मी कंपनीच्या मालकांना चार पानी पत्र घातलं आहे. उत्तर येईपर्यंत जाळी बांधल्याशिवाय चढू नकोस. लहानपणी माझं ऐकलं नाहीस ते माफ, हे एक ऐक.

माया आहे ती राहीलच, तू थोडी अक्कलही ठेव.

तुझी ताई,
पेरिना


सान पेद्रो,
१७ जून

चि. पेरिना हिस,

माझे आणि आईचे आशीर्वाद.

टोन्को पडला. जिवंत आहे, हे आधी लिहितो. उजवी मांडी मोडली आहे, आणि पुन्हा शस्त्रक्रिया केली नाही तर पाय आखूड राहील असं डॉक्टर म्हणतात.

पहिल्यांदा तो नीट उतरला. पण टोपी उडाली, म्हणून दिग्दर्शकाला पुन्हा करून हवं होतं. शीड उतरवून माझ्या मांडीवर टाकलं आणि लवकर आटप म्हणाले. वरचा अर्धा धावदोरा बरोबर घातला. मग वारा सुटला, कापड फडफडायला लागलं आणि माझा हात सवयीने चालू लागला. मेणाचा दोरा, दुहेरी टाका. वाऱ्यात शीड हातात आलं की हात हेच करतो, डोक्याला विचारत नाही. सुरा अर्ध्यावर अडकला. पोरगं लोंबकळलं आणि हात सुटला. खाली उघड्या फळ्या होत्या.

कंपनी म्हणते, कॅमेरा चालूच नव्हता. जेवणाच्या सुट्टीत पोरगा मित्रांपुढे मिरवायला आपणहून चढला, सबब आमचा संबंध नाही. कॅमेरा चालू होता. दिग्दर्शक कर्ण्यातून ओरडत होता ते सगळ्यांनी ऐकलं. पण पुढच्या चित्रपटात सगळ्यांना काम हवं आहे. आणि मी कोणत्या तोंडाने भांडू? टाका माझा आहे. बोटीतला आपला हिस्सा विकून इस्पितळाचं बघतो.

तू यात पडू नकोस.

तुझे,
बाबा


ओकलंड,
२१ जून

ती. बाबांस,

पेरिनाचा शिरसाष्टांग नमस्कार. रागात लिहिते आहे, अक्षराकडे बघू नका.

माझ्या चार पानांना कंपनीचं उत्तर आलं. पाकिटातून नायकाचा फोटो निघाला. बत्तिशी दाखवणारा, आणि खाली शाईने लिहिलेलं, माझ्या लाडक्या चाहतीस. मी जाळीबद्दल लिहिलं होतं. कोणी ते उघडून वाचलंसुद्धा नाही. बाईचं अक्षर दिसलं, फोटो टाकला, पाकीट चिकटवलं. तो फोटो मी फाडला नाही. माझ्या टेबलासमोर लावला आहे, राग शिळा होऊ नये म्हणून.

टाका तुमचा होता. ते मी खोडत नाही, खोडलं तर तुम्हालाच आवडणार नाही. पण टाका कोणाचाही चुकेल, हात कोणाचाही सुटेल, म्हणून तर खाली जाळी बांधतात. त्या बेटावर सगळे कोळी. सांगितलं असतं तर तुम्ही लोकांनी तासाभरात एक जाळं ताणून बांधलं असतं. कोणाला तरी चित्रात चार दोऱ्या नको होत्या, म्हणून बांधलं नाही. यात तुमच्या सुईचा काय दोष?

सगळं स्वतःवर घेऊन गप्प बसणं तुम्हाला सरळपणाचं वाटतं. बाबा, त्या गप्प बसण्याची किंमत तुम्ही नाही भरत, टोन्कोचा पाय भरतो. मुलीने बापाला असं लिहू नये हे मला कळतं. बापानेही मुलाला असं सोडू नये.

लाँग बीचला ॲबट नावाचे वकील आहेत. ते म्हणतात, कंपनीकडून भरपाई मागायची तर कॅमेरा चालू होता असं शपथेवर सांगणारा एक माणूस द्या. नुसतं सांगून भागणार नाही, पण सुरुवात होईल. तो माणूस तुम्ही व्हा.

माझ्यावर रागवा, पण उत्तर द्या.

तुमची,
पेरिना


सान पेद्रो,
२ जुलै

चि. पेरिना हिस,

आशीर्वाद. पत्र मिळालं. हिस्सा विकला. दुसऱ्या शस्त्रक्रियेचं पुढे बघू. आई बरी आहे.

बाबा


ओकलंड,
२८ डिसेंबर

ती. बाबांस नमस्कार व चि. टोन्को यास आशीर्वाद.

हे पत्र दोघांनी एकत्र वाचा.

काल तो चित्रपट पाहिला. जाणार नव्हते, पण शाळेतली मैत्रीण ओढून घेऊन गेली. शेवटच्या लढाईत नायक डोलकाठीवर चढतो. पाठमोरा आहे, पण टोन्को, तुला मी ओळखणार नाही का? सुरा खुपसतो, शीड फाटत येतं आणि अर्ध्यावर थांबतं. तू लोंबकळतोस. पाय हवेत. मग पडतोस. आणि पुढच्याच क्षणी नायक फळ्यांवरून उठतो, केस जागच्या जागी, हसतो आणि तलवार उपसतो.

थिएटर टाळ्यांनी दणाणलं. शेजारची बाई म्हणाली की काय छाती आहे या माणसाची. मी तिला म्हणाले की जो पडला तो माझा भाऊ आहे, आणि तो अजून उठलेला नाही. तिने मला गप्प बसायला सांगितलं.

कॅमेरा चालू नव्हता म्हणे. तुझं पडणंसुद्धा त्यांनी वाया घालवलं नाही, टोन्को. तेही तिकिटावर विकायला काढलं.

ॲबटना आज फोन केला. ते म्हणाले, कंपनी सांगेल की तो दुसरा दिवस, दुसरा माणूस, दुसरं शीड. पण बाबा, जिथे सुरा अडकला तिथला दुहेरी टाका पडद्यावर हातभर मोठा दिसतो. सहा महिने तुम्ही स्वतःशी, आईशी, पाद्रीबाबांशी एकच वाक्य बोलत आला आहात, की टाका माझा आहे. आता तेच वाक्य सरकारी कचेरीत, शपथेवर बोला. ते दुसरं कोणी बोलू शकत नाही. माझी पदवी इथे काही कामाची नाही.

सान पेद्रोच्या थिएटरात खेळ शुक्रवारपर्यंत आहे. दोघं जा. टोन्को, कुबड्या घेऊन कडेच्या खुर्चीवर बस. बाबा, तो पडताना तुम्ही डोळे मिटाल. मिटा. पण टाळ्या सुरू झाल्या की उघडा, आणि उठतोय कोण ते बघा.

सोमवारी मी येते. तोवर लोभ ठेवा, नाहीतर रागच ठेवा.

तुमची,
पेरिना


सान पेद्रो,
३ जानेवारी १९३६

चि. पेरिना हिस,

आशीर्वाद.

पाहिला. टाका माझाच आहे. वकिलाला कळव, सोमवारी येतो.

मी डोळे मिटले नाहीत. नायक हसत उठला तेव्हा मी उभा राहिलो. मागचे लोक खाली बसा म्हणून ओरडायला लागले. टोन्कोने बाही ओढली. मी बसलो नाही.

तुझे,
बाबा