आरसा नसलेला कॅमेरा आणि मोठे साहेब

तीर्थस्वरूप दादामामांना भाच्याचा नमस्कार. दोन्ही हात सध्या मोकळे असल्यामुळे नीट जोडून केला आहे. तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला थांबला असेल अशी आशा आहे. (उभं आयुष्य शाळेत व्याकरण शिकवल्यामुळे तुम्ही त्यांच्या खोकल्यातही चुका काढता, अशी तक्रार फोनवर कानी आली. आजारी माणसाला तेवढी सूट द्यावी.) आम्ही इकडे ठीक.

मी मोठा कॅमेरा विकून लहान घेतला, हे आईकडून तुम्हांला कळलंच असेल, आणि तिने ते ‘धंदा बसला’ अशा शब्दांत कळवलं असेल. तसं काही नाही. दुकानदाराने मला नीट समजावलं की या नव्या कॅमेऱ्यांत आतला आरसाच नसतो, त्यामुळे वजन जातं, आकार जातो आणि बटण दाबल्यावरचा तो खटकन आवाजही जातो. फोटो मात्र मोठ्याच्या तोडीस तोड येतो. यातलं अक्षर न् अक्षर खरं निघालं. आवाजाबरोबर फोटोग्राफरची अब्रूही जाते, एवढंच तो सांगायला विसरला. घरी आल्यावर बायकोने कॅमेरा तळहातावर ठेवून उलटसुलट पाहिला आणि विचारलं, “बाकीचा कधी येणार?”

तर पहिलंच काम मिळालं ते पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कारखान्याचं. कारखान्याला पन्नास वर्षं झाली म्हणून पुस्तक काढायचं होतं आणि त्यातले सगळे फोटो माझ्याकडे होते. मी गेटवर गेलो. रखवालदाराने माझ्याकडे, मग माझ्या छातीवर लोंबणाऱ्या वस्तूकडे पाहिलं आणि मला बाकावर बसवलं. म्हणाला, फोटोग्राफर आले की तुम्हांला त्यांच्याबरोबरच सोडतो. मी बसलो. (का बसलो ते विचारू नका. त्याच्या बोलण्यात इतकी खात्री होती की मीही थोडा वेळ फोटोग्राफरची वाट पाहिली.) शेवटी मॅडम स्वतः खाली आल्या तेव्हा सुटका झाली. मॅडम म्हणजे मालकांची मुलगी. हल्ली कारखाना त्याच चालवतात.

यंत्रांमध्ये कामगारांचा घोळका उभा केला. मी बटण दाबलं, पुन्हा दाबलं, हवं ते मिळालं म्हणून कॅमेरा खाली घेतला, तरी सगळे पोटं आत ओढून तसेच ताठ उभे. आवाजच न आल्यामुळे फोटो निघाला यावर कोणाचा विश्वास बसेना. फोरमनने तर श्वास रोखून धरला होता आणि त्याचा रंग बदलायला लागला होता. अखेर मी तोंडाने ‘खट्’ असा आवाज काढला, तेव्हा कुठे मंडळी मोकळी झाली. त्यानंतर दिवसभर प्रत्येक फोटोला मी तोंडाने खट् करत होतो. बावीस वर्षांच्या अनुभवाचं हे असं झालं.

खरी अडचण वरच्या मजल्यावर होती. मोठे साहेब, म्हणजे मॅडमचे वडील, यांना गेल्या वर्षी झटका येऊन गेला. चेहऱ्याची डावी बाजू उतरली आहे आणि डावा हात साथ देत नाही. रोज केबिनमध्ये येतात, पडदे ओढून बसतात, खाली उतरत नाहीत. पहिल्या पानावर त्यांचा फोटो हवा, असा मॅडमचा हट्ट. आणि फोटोग्राफर दारात दिसला तर पेपरवेट फेकीन, हा साहेबांचा निरोप. मॅडम जिन्यात मला हळूच म्हणाल्या, “नाही जमलं तर राहू द्या. पण एकदा आत तरी या.”

मी आत गेलो. पेपरवेट जागचं हललं नाही. साहेबांनी माझ्याकडे बघून विचारलं, “हे काय आणलंस?”

“कॅमेरा.”

“आणि मोठा?”

“हाच. यात आरसा नसतो.”

“मग दिसतं कसं?”

मामा, ज्या माणसाने जन्मभर पंप खोलले त्याला मी असं उत्तर अर्धवट देऊ शकत नव्हतो. मी कॅमेरा त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला. त्यांनी लेन्स काढायला लावली, भिंग घेऊन आत डोकावून पाहिलं, नाकातून श्वास आत सोडला (माझा जीव तेव्हा नेमका कुठे होता ते सांगता येत नाही), आणि मग लेन्स परत बसवायला लावून एका हाताने कॅमेऱ्याचा मागचा छोटा पडदा उलटवला. तो पडदा समोर फिरतो आणि त्यात आपलंच तोंड दिसतं. केबिनमधला आरसा मॅडमनी आजारपणानंतर उतरवून ठेवला होता, हे मला मागाहून कळलं.

साहेब पडद्याकडे बघत राहिले. मॅडम त्यांच्या खुर्चीमागे उभ्या होत्या. त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. मग साहेब म्हणाले, “डावी शिफ्ट संपावर गेलेली दिसते.” आणि हसले.

त्या क्षणी फोटो निघाला. ‘निघाला’ म्हणतो, ‘काढला’ म्हणत नाही. फरक तुम्हांला सांगायला नको. साहेबांचा अंगठा बटणावर होता, आवाज झालाच नाही, आणि मी कोपऱ्यात बरोबर आणलेल्या दिव्याची वायर सोडवत होतो. फोटोत साहेबांचा अर्धा चेहरा खळखळून हसतो आहे आणि उरलेला अर्धा त्याच्याकडे दुर्लक्ष करून संप चालू ठेवतो आहे. मागे मॅडम तोंडावर हात ठेवून वाकल्या आहेत. हसताहेत की रडताहेत ते मोठं करून पाहिलं तरी कळत नाही. पहिल्या पानावर तोच जाणार आहे, खाली माझ्या नावासकट. मी विरोध केला, पण फार केला नाही. फोटोंचं कार्ड घेऊन घरी आलो.

एकूण लहान कॅमेऱ्यावर मी समाधानी आहे, असं आईला कळवावं. मामींना नमस्कार. अशुद्धलेखन पोटात घालावं.

तुमचा भाचा (मधला)

ता. क. : कॅमेरा सध्या माझ्याकडे नाही. कार्ड काढून घेऊन मी हात पुढे केला, तर साहेब म्हणाले, “राहू दे थोडे दिवस.” वर्षभर ज्याने औषधाच्या वाटीशिवाय काही हातात धरलं नव्हतं, त्याच्याकडून तो ओढून कसा घ्यायचा? येत्या रविवारी मात्र एका दवाखान्याच्या उद्घाटनाचं काम आहे. तुमच्या कपाटातला मोठा कॅमेरा तेवढा पाठवता का? पत्राचं कारण हेच होतं, बाकीचं ओघात आलं.

पुन्हा ता. क. : पाकीट चिकटवणार इतक्यात मॅडमचा फोन आला. साहेब आता रोज खाली उतरतात आणि कामगारांचे फोटो काढतात. पुस्तकातले उरलेले फोटोही तेच काढणार म्हणतात. एका हाताने कॅमेरा हलतो, म्हणून कोपराखाली हात धरायला माणूस हवा, आणि त्यांनी माझं नाव घेतलं आहे. रविवारचं काम मी एका मित्राला दिलं. तेव्हा तुमचा कॅमेरा राहू द्या. तिथे मला तो लागणार नाही.