बेंटलीचे पडदे

अहो,

गॅरेज रिकामं बघून पोलिसांना फोन करू नका. बेंटली मी बिर्लानगरच्या मुलींच्या वसतिगृहाला दान केलीय. ती विकून ते मुलींसाठी बस घेणार आहेत. गाडी बाबांनी लग्नात मला दिली होती, कागदही माझ्याच नावावर आहेत, म्हणून तुम्हाला विचारलं नाही.

चाळीस वर्षं माझ्याच गाडीत मी मागे, पडद्याआड बसले. आज ती चालवायला वसतिगृहाच्या वॉर्डनबाई आल्यात. मी त्यांच्या शेजारी पुढे बसणार, काचा खाली करून. माधवगंजच्या भर बाजारातूनच जाणार, बघू दे सगळ्यांना.

दसऱ्याचा हार यंदा तुमच्या स्कूटरला घाला. वरणभात झाकून ठेवलाय.

मखमली पडदे तेवढे काढून घेतलेत. उद्यापासून फरशी त्या पडद्यांनीच पुसायची, कामवाल्या बाईंना सांगून ठेवलंय.

हेमलता