मोटेच्या चामड्याचा ब्रेक

नळदुर्ग, भाद्रपद वद्य दशमी, शके १८६८

आज फटफटी घरापाशी थांबली नाही. ब्रेक दाबला, तो किंचाळला, आणि मी तसाच दारावरून पुढे. आमची अव्वा दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. पोटच्या पोराने ओळख दाखवली नाही असं तिला वाटलं. शेवटी लिंबाच्या पाराने थांबवलं. पाराचा एक दगड निखळला. पार जुनाच होता.

मागच्या ब्रेकचे पट्टे झिजलेत. पुढच्या ब्रेकची तार मी घेतली तेव्हापासूनच तुटलेली आहे, त्यामुळे त्याची काळजी नाही.

सोलापूरला दुकान आहे. पण सोलापूर म्हणजे इंग्रजांचा मुलूख. वाटेत करोडगिरीचं, म्हणजे जकातीचं नाकं. फटफटी कुणाची, का नेता, परत आणणार का, सगळं तिथे सांगत बसायचं. मिस्त्री इंग्रजी कलदार रुपयाच मागतो. आमचा निजामाचा हाली सिक्का दिला की तो उलटसुलट करून बघतो, जणू मीच घरी पाडलाय. नकोच ते. लढाईत गोऱ्या सोल्जरांनी चालवलेली फटफटी आहे ही. ते काय दर वेळी सोलापूर गाठत होते?

ठराव: ब्रेक स्वतः बसवायचा. दसऱ्याच्या आत.

दसरा चुकवून चालणारच नाही. गिरिजा बाळंतपणाला अणदूरला माहेरी गेली, ती अजून तिथेच. मुलगी बारशाला पाहिली तेवढीच. तिने माझं बोट धरलं होतं, सोडेचना. त्या भरात मी बोलून गेलो की दसऱ्याला दोघींना फटफटीवरून घरी नेतो. त्यावर सासरे, वीरप्पामामा, सगळ्या पाहुण्यांदेखत म्हणाले की जावईबापू, ते यंत्र थांबतंय का न्हाय ते आधी म्या मागं बसून बघणार. म्या म्हणंल तिथं थांबलं तर लेक-नात खुशाल न्या. न्हाय थांबलं तर दोघी संक्रांतीपतूर हितंच. मी सगळ्या पाहुण्यांदेखत बरं म्हणालो.

भाद्रपद वद्य द्वादशी

काम सुरू केलं नाही. पितृपक्ष आहे, नवं काम करू नये. अव्वा म्हणाली, आपल्यात कवापासनं पाळाया लागले पितृपक्ष? पण शेजारपाजारचे पाळतात. त्यांच्या मनाचा विचार नको का?

अमावास्या

विचार चालू आहे.

आश्विन शुद्ध प्रतिपदा

मागचं चाक उघडलं. आत डबा, डब्यात घोड्याच्या नालासारख्या दोन फाका, त्यांवर पट्टे. पट्टे कसले, पापड. दोन्ही फाका ताणून धरणारी एक स्प्रिंग. एकदा बघितलं की कुणालाही समजेल. एवढ्याशासाठी लोक सोलापूरला जातात, याची कीव आली.

पट्टे काढताना अंगठा सोलवटला. हळद लावली. बाकी काम उद्या.

आश्विन शुद्ध तृतीया

नवे पट्टे इथे मिळत नाहीत. मिळाले असते तरी घेतले नसते. मळ्यातली जुनी मोट फाटून पडली आहे. म्हशीचं कातडं, वर्षानुवर्षं विहिरीचं पाणी ओढलेलं. त्याहून चिवट काय असणार? त्याचेच दोन पट्टे कापले. अव्वा म्हणाली, कातडं उंबऱ्याच्या आत आणायचं न्हाय. म्हणून अंगणात बसून कापले. ऊन फार. उद्या खिळे मारतो.

शेजारी ईरण्णा डोकावून गेला. त्याचा तेलाचा घाणा आहे. म्हणाला, लई उद्योग करताय, सोलापूरला का न्हाय टाकत? मी हसलो फक्त. घाण्याच्या बैलाला काय कळणार, एवढंच मनात म्हटलं.

आश्विन शुद्ध षष्ठी

झालं! बसवले! एक स्प्रिंग उरली आहे. कारखान्याने जास्तीची दिली असणार. जपून ठेवली.

संध्याकाळी गल्लीत टेस्ट. दाबला, आणि जागच्या जागी थांबली. इतकी थांबली की मीच टाकीवर जाऊन आदळलो. ईरण्णाने पाहिलं. मुद्दाम त्याच्या दारासमोरच दाबला होता. फक्त आवाज फार करतो, डुकराला धरल्यासारखा. मुलगी दचकेल. यावर उपाय करायचा.

आश्विन शुद्ध नवमी, खंडेनवमी

आज घरातलं सगळं लोखंड धुतलं. विळे, कोयता, नांगराचा फाळ, तराजू. सगळ्यांना तेल, सगळ्यांना हळदकुंकू. फटफटीलाही न्हाऊ घातलं, हँडलला झेंडूची माळ बांधली.

तेव्हा एकदम लक्षात आलं. आवाज का करतो? कातडं कोरडं आहे! मोटेच्या कातड्याला तेल पाजल्याशिवाय कुणी विहिरीत सोडतं का? वडील दर साली पाजायचे. आणि सणाच्या दिवशी सगळ्या हत्यारांना तेल देऊन ब्रेकलाच तेवढा उपाशी ठेवायचा, हे बरं दिसतं का? चाक पुन्हा उघडलं. ईरण्णाकडचं ताजं करडईचं तेल आणलं आणि कातडं पितंय तोवर पाजलं. बरंच प्यायलं.

अव्वाने विचारलं की जे धरून ठिवायचं त्यालाच का रं निसरडं करतुयास? मी तिला मोटेचं उदाहरण दिलं. ती चुलीकडे गेली. पटलं असावं.

आता एक आवाज नाही. उद्या दोघी घरी. पाळणा पुसून ठेवला. झोप येत नाही, पण ती आनंदाने.

दसरा, सकाळी

निघतोय. टेस्ट घेतली नाही. पेट्रोल मुश्किलीने मिळतं, आणि खंडेनवमीला पूजलेल्या हत्याराची परीक्षा घेऊ नये.

दसरा, रात्री, मुक्काम अणदूर

लिहायचं नव्हतं.

येताना ब्रेकची गरजच पडली नाही. ओढ्याचा आमच्या बाजूचा उतार न थांबता उतरलो, पलीकडच्या चढावर फटफटी आपोआप मंदावली, तोच ब्रेक धरला. अणदुरात पोचलो. गिरिजा तयार होती. ट्रंक बांधलेली, मुलीला नवं टोपडं घातलेलं. मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, एवढं मामांना हिंडवून आणतो की निघालोच.

मामा मागे बसले. नवा फेटा, खांद्यावर उपरणं. माझ्या कमरेला दोन्ही हातांनी धरलं. कुठे थांबायचं ते सांगणार नाही, ऐन वेळी बोलंन म्हणाले. गाव गेलं, आंबराई गेली. काही बोलेनात. पुढे ओढ्याचा उतार दिसू लागला आणि मला आतून कळलं की मामा तिथेच बोलणार.

उताराच्या तोंडाशी म्हणाले, थांबवा.

दाबला. पाय सरळ खाली गेला, लोण्यात गेल्यासारखा. पुन्हा दाबला. आवाज अजिबात नाही, हे खरं. मामा म्हणाले, जावईबापू, थांबवा म्हंतो न्हवं? मी म्हटलं, थांबवतोच आहे. फटफटी आणखी जोरात. समोरून सोनं लुटून येणाऱ्या बाया आपट्याची पानं टाकून बांधावर चढल्या. एका बाजूला बाभळी, एका बाजूला खडक. मामांनी तिसऱ्यांदा थांबवा म्हटलं ते मला नव्हतं, महादेवाला होतं. मी डोळे मिटले नाहीत. मिटावेसे वाटले. हँडल सरळ ओढ्याच्या डोहाकडे धरलं.

पाणी छातीपर्यंत होतं. दोघांना खरचटलंसुद्धा नाही. मामांचा फेटा मात्र वाहत पुढे गेला. मामा बोडक्या डोक्याने, धोतर पिळत, पुढे चालत निघाले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दारात गिरिजा ट्रंकेवर बसून होती. आम्हां दोघांना ओले पाहून उठली, मुलीला घेऊन आत गेली. जाताना एवढंच म्हणाली की सकाळपासनं आवरून बसले व्हते. तेव्हा मात्र फार वाईट वाटलं. मामांऐवजी मी तिला मागे बसवलं असतं तर? मुलीला? पुढचा विचार केला नाही.

आश्विन शुद्ध एकादशी, नळदुर्ग

दोघी घरी आल्या आहेत. हे आधी लिहितो.

सकाळी मामा गडीमाणसांबरोबर फटफटी काढायला गेले. मागचं चाक हलेना. कातडं रात्रभर पाण्यात फुगून डब्यात गच्च बसलेलं. दोघांनी ढकललं, तिघांनी ढकललं. चाक फिरत नाही म्हणजे नाही. मामांनी चाकाला लाथ मारून बघितली. मग घरी येऊन म्हणाले की गिरिजाची ट्रंक सोडू नका, बैलगाडी जुंपा, म्या सोताच पोचवतो. गिरिजाने रात्री त्यांना काय सांगितलं ते मला कुणी सांगितलं नाही.

उतारावर गाडी बैलांच्या अंगावर जाऊ नये म्हणून मागे बाभळीचा ओंडका बांधतात, तो फरफटत गाडी आवरतो. आज मामांनी ओंडका आणलाच नाही. गड्यांनी माझी फटफटी उचलून उताराच्या तोंडाशी आणून ठेवली होती, तिथे तिला दोर लावला आणि गाडीमागे बांधली. मी हँडल धरून मागून चाललो. मागचं चाक फरफटत, दगडांवर ठिणग्या. गाडी अशी हळू उतरली की मुलगी जागी झाली नाही. खाली पोचल्यावर मामा काल सकाळपासून पहिल्यांदा हसले. म्हणाले, जावईबापू, ब्रेक लई झ्याक झालाय.

त्यांनी कबूल केलं. हँडलही माझ्याच हातात होतं. चढावर मात्र फटफटी ट्रंकेशेजारी गाडीत आणि मी मागून ढकलत.

अव्वाने दारात भाकरतुकडा ओवाळून दोघींना आत घेतलं. मुलीने पुन्हा माझं बोट धरलं. अंगठाच धरला, सोलवटलेला. दुखलं, पण सोडवला नाही.

जेवून मामा परत निघाले. वाटेत तोच ओढा, आमच्या बाजूनेही तसाच उतार. म्हणून जाताना फटफटी घेऊन गेले. ओंडक्यापेक्षा बरी हाय म्हणाले. गिरिजा म्हणाली, न्यू द्या. अव्वाही म्हणाली, न्यू द्या. मी बरं म्हणालो.

उरलेली स्प्रिंग उगीच पडून होती. ती पाळण्याच्या दोरीला लावली. पाळणा आता हात न लावता वरखाली हलतो. मुलगी खूश. थांबवायचा कसा, ते उद्या बघतो.