आभाळ आलेलं असताना भरलेली बॅटरी

प्रिय ठोंब्या,

केवढाही मोठा साहेब झालास तरी माझी हाक हीच राहणार. तू पाठवलेली बॅटरी पोचली आणि जोडूनही झाली, हे आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट वाचशील. बाबा बरे आहेत. ऑक्सिजनचं मशीन शेजारी घरघरतंय आणि चहात साखर कमी म्हणून कुरकुर चालू आहे.

पण मधले दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर जळाला आणि मशीनचा सगळा भार छपरावरच्या सोलरवर आला. बॅटरी ठेवायला आलेला मिस्त्री मला बजावून गेला होता, "काकू, जुनी नि नवी, दोन्ही आधी वेगवेगळ्या पूर्ण भरा. मीटर लावून बघा, आकडा सारखा आला की मगच एकत्र जोडा." एक भरलेली आणि एक अर्धी अशा जोडल्या तर भरलेलीतला करंट भसकन दुसरीत घुसतो, वायरी तापतात, बॅटऱ्या स्वतःला बंद करून घेतात. म्हणजे मशीनही बंद.

बाबा कसले ऐकतात! उभा जन्म ट्रकच्या बॅटऱ्या दुरुस्त करण्यात गेलेला, त्यामुळे पलंगावरून हुकूम सुरू, की काही होत नाही, जोड सरळ. मी म्हटलं, तुमच्या त्या पाणी घालायच्या बॅटऱ्या वेगळ्या, ह्या लिथियमच्या वेगळ्या, गप्प पडून राहा. जुनी भरलेली होती, ती काढून बाजूला ठेवली आणि भरायला नवी लावली. तेवढ्यापुरतं मशीन थांबलं तर माझाच जीव वरखाली. माझ्या हातात पाना बघून ते मात्र खुदकन हसले. आणि नेमकं आभाळ भरून आलं.

नवी भरेचना. पॅनेलमधून जेवढं येई तेवढं मशीन खाऊन टाकी. मी जिन्याखाली स्टुलावर बसून बॅटरीवरच्या आकड्याकडे डोळे लावले होते. दुपारी तो हलला, मग चढतच गेला. मी आनंदाने ओरडले, "अहो, भरतेय बरं का!" आतून उत्तर नाही. डोळा लागला असेल म्हटलं. मग सहज खिडकीबाहेर बघितलं. आभाळ होतं तसंच काळं. ऊन नाही, मग ही भरतेय कशावर? तेव्हा लक्षात आलं, मशीनची घरघर ऐकू येत नव्हती.

धावत गेले. बाबा उशीला टेकून बसलेले, ओठ निळे पडलेले, नाकातली नळी काढून नीट गुंडाळून मांडीवर ठेवलेली. मशीन त्यांनीच बंद केलं होतं. दुकानातला त्यांचा नियम तुला ठाऊक आहे, बॅटरी लवकर भरायची तर आधी लोड काढायचा. अरे, पण इथे लोड म्हणजे त्यांचा श्वास! आधी बटण दाबलं. नळी लावली, पाठ चोळली, नको नको ते बोलले. तोंडावर रंग आला तसे म्हणतात, "एवढा वेळ जमलं की." मला रडू आवरेना, आणि एक ठेवून द्यावी असंही वाटलं.

डॉक्टर येऊन तपासून गेले, एक छोटा सिलिंडर ठेवून गेले. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, नवी भरली, मीटरवर दोघींचा आकडा जुळला. बाबांना सिलिंडर लावून मी इन्व्हर्टर बंद केला, लाल वायर लालला, काळी काळीला जोडली. ह्या वेळी त्यांनी एकही सूचना केली नाही.

मग हे पत्र कशाला? काल पुन्हा आभाळ आलं. दोन्ही बॅटऱ्या भरलेल्या, लाइटही आलेली, तरी त्यांचा हात बटणाकडे गेला. मी धरला. म्हणाले, "त्याचा फोन येईल, आकडा कमी दिसायला नको." ठोंब्या, फोन केलास की तू पहिलं विचारतोस, बॅटरी किती टक्के? काळजीनेच विचारतोस, मला कळतं. पण फोन स्पीकरवर असतो रे. आकडा कमी असला की तू गप्प होतोस, आणि त्यांना वाटतं, पोराने पाठवलेली बॅटरी आपणच संपवतोय. माझं सगळं सांगून झालं, ते ऐकत नाहीत. तू ये. त्यांच्यासमोर बस आणि सांग, की ती संपवायलाच पाठवली आहे.

तुझीच,
त्यांचा हात धरून बसलेली
आई