तिसरी बाही

८ जानेवारी, सोमवार

लेक कोट शिवतेय! शुक्रवारी शाळेत हातकामाचं प्रदर्शन आहे. माझ्या शिवणाच्या दुकानातल्या चिंध्या, धावदोरा, गाठींवर गाठी. वय वर्षं नऊ. मदत करू का विचारलं तर म्हणाली, "नको. तू बघूसुद्धा नकोस." हट्ट माझा, मोजकं बोलणं बापाचं – मग काय विचारता!

९ जानेवारी

बघितलंच मी. खांदे वाकडे, पण रंग! जांभळ्याशेजारी मोहरीचा पिवळा. मला जन्मात सुचलं नसतं.

हात शिवशिवले. नवरा म्हणाला, "राहू दे गं तिला." त्याचं सगळ्यालाच राहू दे. गळका नळही राहूच दिलाय.

१० जानेवारी

घात केला मी. ती शाळेत होती. कोट हातात घेतला – फक्त गळा सरळ करायला. पाहते तर डाव्या बगलेखाली एक जास्तीची बाही. चुकून लागली असणार, म्हटलं, आणि उसवली. चूक दिसली की आमचा हात थांबत नाही. खांदे सरळ केले. वर इस्त्रीही केली, शहाणी मी!

ती आली. कोट उलटसुलट बघितला. रडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "छान झालाय. पण हा तुझा आहे. मी नाही नेणार."

बाही कशाला होती, ते नवऱ्यानं विचारलं. मला विचारायचं सुचलंच नाही. लेक म्हणाली, "शाळेतून येताना मैत्रिणीचा हात गार पडतो. तिचा हात घालायला."

अठरा वर्षं बाह्या लावतेय. एका कोटात दोघींना जागा करता येते, हे कधी डोक्यात आलं नाही. कौतुक वाटलं आणि लाजही. आणि परवा ती माझ्यापायी रिकाम्या हातानं जाणार.

११ जानेवारी

बाही तिच्यापुढे ठेवली. "चुकलं माझं." तिनं बाही उचलून मांडीवर घेतली. मग माझ्याच छोट्या कात्रीनं माझी टीप उसवायला बसली. मी शेजारी हात बांधून. इतकं अवघड काम आजवर केलं नव्हतं.

मध्येच म्हणाली, "तू लहानपणी काय शिवायचीस?"

आईनं आखून दिलेलं. दुसरं काही आठवेना.

१२ जानेवारी

लेक आणि मैत्रीण, दोघी एकाच कोटात शाळेत गेल्या. खांदे पुन्हा वाकडे. बक्षीस नाही.

१४ जानेवारी, रविवार

माप न घेता, खडूची रेघही न मारता कापड कापायला बसले. कसलं, कोणासाठी, ठाऊक नाही. लेक येऊन उभी राहिली. कात्री तिरकी जातेय हे तिला दिसलं, नक्की दिसलं. तिनं टाचण्यांची डबी पुढे सरकवली आणि हात पाठीमागे बांधले.