पहिल्या पेपरात पास झाल्याची हकिगत

तीर्थस्वरूप दाजींच्या पायांशी,

धाकट्या मेव्हण्याचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? गिरणीची पायरी उतरताना कुणाचा तरी हात धरत जा. (हे ताईचं म्हणणं आहे. ती म्हणते, "त्यांना कोण सांगणार?" म्हणून मी सांगतो आहे.) माझी प्रकृती देवाच्या कृपेनं तक्रार करण्याइतकी वाईट नाही. मनाचं मात्र विचारू नका. फोनच करणार होतो, पण गिरणीच्या आवाजात तुम्हाला अर्धंच ऐकू आलं असतं, आणि ही हकिगत अर्धी ऐकणाऱ्याला मी कुठंतरी अफरातफर केली असं वाटेल.

आमच्या पाणी खात्यानं मला इथल्या विभागीय प्रशिक्षण केंद्रात संनियंत्रण व मूल्यमापन शिकायला पाठवलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. नाव लांबलचक असलं तरी गोष्ट साधी आहे. हातपंप बसवला तर तो चालतो का ते बघत राहायचं, आणि त्यानं कुणाचं काही भलं झालं का ते शोधून काढायचं. वर्गाची खोली ऐसपैस आहे. लिहायला खुर्चीलाच फळी जोडलेली असते, ती इथं प्रत्येक खुर्चीला डाव्या हाताला आहे. आम्ही सगळे उजवे, त्यामुळे कमरेतून पिळवटून लिहितो. (योजनांमधले दोष हुडकायला शिकवणाऱ्या या केंद्रात हा दोष आजवर कुणाला दिसला नाही. मीही बोललो नाही, पाहुणा म्हणून.)

पहिल्याच दिवशी पेपर होता. न शिकवता परीक्षा कशी, हे मला कळेना. पण परीक्षा म्हटलं की अभ्यास करायचा, एवढंच आपल्या गावच्या शाळेनं शिकवलं. केंद्राची पुस्तिका मी महिनाभर पाठ करून आलो होतो. भराभर लिहून मोकळा झालो. शेजारी आरोग्य खात्यातले एक गृहस्थ होते, अशी प्रशिक्षणं करून करून मुरलेले. त्यांनी कोरा कागद देऊन टाकला आणि माझ्याकडे दयेनं पाहिलं. पहिला पेपर नापास व्हायला असतो आणि शेवटी तोच पेपर पास व्हायला, म्हणजे मधलं शिक्षण उपयोगी पडलं असं दिसतं, हे त्यांनी मला चहाच्या वेळी समजावलं. तोवर माझा कागद गेला होता. त्यातच केंद्राच्या संचालकसाहेबांनी माझा सदरा पाहून मलाच निवडलं. केंद्राला अनुदान देणारे लोक दर तुकडीतून एकाची यशोगाथा मागतात. तो गावच्या शाळेत शिकलेला, पन्नाशीकडे झुकलेला असला तर त्यांना अधिक आवडतो. यशोगाथा नसेल तर अनुदान बंद, म्हणजे केंद्र बंद. माझा फोटो काढून पत्रकही छापून झालं.

मग बाई शिकवायला आल्या. दाजी, असं शिकवणं मी जन्मात ऐकलं नव्हतं. पंप बसला आणि पोरांचे जुलाब थांबले, तर ते पंपानंच थांबले कशावरून, असं त्या विचारायच्या आणि खिडकीशी जाऊन गप्प उभ्या राहायच्या. ती शांतता माझ्या अंगात भिनली. शेवटच्या पेपरात हाच प्रश्न आला. पुस्तिकेप्रमाणे उत्तर होतं "होय", आणि पहिल्या वेळी मी ते झोकात लिहिलं होतं. आता हात चालेना. त्याच साली गावात नवी परिचारिका आली असेल, पाऊस कमी झाला असेल, आजारी पोरं आजोळी गेली असतील, असं लिहीत बसलो आणि वेळ संपली. दोन्ही पेपर एकदम तपासले गेले. पहिल्यात एक्क्याण्णव, दुसऱ्यात अठ्ठेचाळीस. उत्तरं वरच्या कार्यालयातून ठरून येतात, बाईंच्या हातात काही नाही. माझा कागद त्यांनी दोनदा वाचला म्हणे.

काल संचालकांनी बोलावलं. पहिला पेपर पुन्हा लिहून द्या, त्यात जरा अज्ञान दिसू द्या, असं त्यांचं म्हणणं. मी नाही म्हणालो. त्यांनी छापलेलं पत्रक माझ्यापुढे सरकवलं. मग म्हणाले, "तुमच्या खरेपणापायी बाईंची नोकरी जाईल. त्यांच्या घरी म्हातारी आई आहे." खोलीवर येऊन देवापुढे बसलो. उत्तर आलं नाही. (देवालाही या विषयाची पुस्तिका मिळाली नसावी.) अन्न गोड लागत नाही. एका भल्या बाईनं आपल्याला मन लावून शिकवावं, आणि आपण ते शिकलो म्हणून तिचं घर मोडावं, याला काय म्हणायचं?

असो. ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
मेव्हणा

ता. क. पुढच्या सोमवारी पंधरा दिवसांचा छोटा वर्ग सुरू होतो आहे. त्यातून यशोगाथा मिळाली तरी चालेल, असं वरून कळलं. माणूस गावच्या शाळेतला, वयस्कर आणि या विषयात खरोखर कोरा हवा, म्हणजे कुणाला खोटं वागावं लागणार नाही. खूप विचार केला. तुम्हीच डोळ्यांसमोर आलात. कृपया राग मानू नये. इतकं निर्मळ अज्ञान मला दुसरीकडे आढळलं नाही. गावच्या पाणी समितीवर तुमचं नाव आहेच (बैठकीला कधी गेला नसलात तरी), त्यामुळे प्रवेश मिळेल. गिरणी ताई सांभाळेल. मी तिला विचारलं. ती इतक्या चटकन हो म्हणाली की मी कारण विचारलं नाही.

आणखी एक. येताना काही वाचू नका. पाटीवरची जाहिरातसुद्धा नको.

शेवटचं. पाकीट चिकटवताना बाई आल्या, त्यांना सगळं सांगितलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "येऊ द्या त्यांना. पण मी शिकवीन ते खरंच शिकवीन." म्हणजे दुसऱ्या पेपरात तुम्हीही शंका काढत बसणार. त्यांची नोकरी वाचवायची तर त्यांचं ऐकायचं नाही, आणि त्या बोलू लागल्या की ऐकल्यावाचून राहवत नाही. यातून कसं निभवायचं ते मला कळत नाही. पण या.