पिपाणीचा नंबर

ता. ३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या आईचं पत्र आलं. ताईने चार पानं लिहिलीत, त्यातली साडेतीन तुझ्यावर. म्हणे तू भरल्या ताटावरून किंचाळत उठलीस, पाण्याचा जग लवंडवलास, आणि कारण काय, तर कुठल्याशा बाईचं गाणं एकोणिसाव्या नंबरावरून बाराव्यावर आलं! मुलगी हातची गेली, असं ताईचं मत पडलं. मी तिला कळवलं, की दिवसभर चष्म्याची भिंगं घासणारी मुलगी एवढ्यात हातची जात नाही, जरा मला विचारू दे.

तर विचारते. गाणं आवडलं तर ऐकावं. ते कितवं आलं याच्याशी तुला काय करायचंय? ती तुझी सख्खी बहीण आहे का?

एक मात्र मनाला लागलं. हे वेड म्हणे कधीपासून चाललंय, आणि माझ्या पत्रांत त्याचा शब्द नाही. माझे कान गेल्यापासून माझ्यासमोर कुणी गाण्याचं नाव काढत नाही, घरात कुणी दगावल्यासारखं. तूही त्यातलीच का गं?

इकडे पडद्यांच्या ऑर्डरी भरपूर. मशीन थांबत नाही. ते थरथरतं, म्हणून चालू आहे हे कळतं, एवढंच.

सविस्तर लिही. लोभ आहेच, फक्त रुसलेला आहे.

तुझी मावशी

*

ता. ९ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

चुकलं. तुला वाईट वाटेल म्हणून लिहिलं नाही, आणि न लिहिल्यानेच तुला वाईट वाटलं. आता सगळं ऐक, म्हणजे वाच!

तिला सगळे ‘पिपाणी’ म्हणतात. पूर्वी ती आमच्या पोहण्याच्या तलावावर तिकिटं फाडायची. मी लहानपणी तिच्या हातून किती तिकिटं घेतली असतील! तिचं पहिलं गाणं आलं तेव्हा कुणी मोठ्या माणसाने म्हटलं, की हा आवाज नव्हे, जत्रेतली पिपाणी आहे. आम्ही तेच नाव उचललं आणि मिरवलं. आता दर शुक्रवारी दुपारी देशातल्या गाण्यांची यादी लागते. पहिल्या नंबरावर ‘चौकडी’ ठाण मांडून बसलेत. चार पोरं, चकचकीत कपडे, मागे मोठी कंपनी. पिपाणी पहिली आली, तर तिची कंपनी तिचा पूर्ण अल्बम काढेल, असं आमच्या चाहत्यांच्या गटात सगळे म्हणतात.

आणि मला काय करायचंय, म्हणतेस? मावशी, एखादं गाणं आवडतं म्हणजे नेमकं काय होतं, ते मला कुणाला सांगताच येत नाही. आईला ऐकवलं तर म्हणाली, बरं आहे. बरं आहे! मी घरभर गिरक्या घेते आणि तिला बरं आहे! पण ते बाराव्यावर आलं की वाटतं, कुठेतरी हजारो जण तशाच गिरक्या घेतायत. मी एकटी वेडी नाही, हे छापून आल्यासारखं वाटतं.

शुक्रवारी ती आठवी आली. आठवी! मी एका आजोबांना चष्मा उलटा घातला.

आईला लिहिशील तेव्हा लिही, सांडलेलं पाणी मीच पुसलं. तुझा रुसवा सोडून बाकी सगळा लोभ इकडे पाठव.

तुझी भिंगरी

*

ता. १७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आठवी नाही, बाईसाहेब, ती पाचवी आहे! शुक्रवारची यादी शनिवारच्या पेपरात येते, ती मी आता सगळ्यात आधी बघते. पाच आकडा पाहिला आणि हातातलं अस्तर तिरकं फाटलं. गेलं तर गेलं.

तू ताईला घाबरू नकोस. तुझा शाळेचा निकाल लागला तेव्हा हीच बाई गल्लीतल्या प्रत्येक दाराशी तुझा नंबर सांगत फिरली होती. तेव्हा ते वेड नव्हतं, कौतुक होतं. तुझ्या अभ्यासाचं तिला काय कळत होतं? पण नंबर कळत होता. माझंही तसंच झालंय बघ. गाणं माझ्यापर्यंत येत नाही, पण पाचवा नंबर अगदी अख्खा येतो. तो मला कुणाकडून समजावून घ्यावा लागत नाही.

समोरचे केस कापणारे, आपले कात्रीवाले, चौकडीच्या बाजूचे निघाले! मी माझ्या दुकानाच्या काचेवर मोठ्ठा पाच काढून त्यांना दाखवला. त्यांनी त्यांच्या आरशावर साबणाने एक काढला आणि वर मिशीला पीळ दिला. आता आमची रोजची लढाई. गिऱ्हाइकं रस्त्यात उभी राहून बघतात.

एक सांग. एका माणसाने दहादा ऐकलं तर ते दहा धरतात की एक? नियम नीट कळव, मला भांडायला मुद्दे हवेत.

ताईला माझ्यातर्फे चिडव. माया आहे, ती नंबराबाहेर धर.

मावशी

*

ता. २५ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तिसरी! मावशी, तिसरी! कात्रीवाल्यांना सांग, आरसा पुसून ठेवा म्हणावं.

दहादा ऐकलं तर दहा धरतात. आमचा गट तेच करतोय. सगळ्यांनी घरातले जुने फोन बाहेर काढलेत. माझे चार आहेत. ते मी दुकानात फ्रेमच्या खणात ठेवते, आवाज पूर्ण बंद करते आणि गाणं सुरू ठेवते. दिवसभर ते आपलं वाजत असतं, आकडा वाढत असतो, कुणाला त्रास नाही. परवा काकांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, एका बाईंना फ्रेम दाखवायला खण उघडला, तर आत ऊन ऊन फोन! मी म्हटलं, दुरुस्तीला आलेत. काका म्हणाले, आपण डोळ्यांचं बघतो, फोनचं कधीपासून?

येत्या शुक्रवारी शेवटचा धक्का. चौकडीचं नवं गाणं पुढच्या आठवड्यात येतंय, त्याआधीच जमलं तर जमलं. पाठीवर हात ठेव.

तुझी, आनंदाने फुटायला आलेली,
भिंगरी

*

ता. २८ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, माझा काही गैरसमज होतोय.

आवाज बंद करून? चार फोन, चारही मुके, आणि तू कानाने धडधाकट त्यांच्या शेजारी बसलेली! असं गाणं कसं असतं, ते मला विचार. मी रोज तेच ऐकते.

मी कात्रीवाल्यांशी इतकी भांडले, ती एवढ्यासाठी, की त्या आकड्यामागे कुणीतरी ऐकतंय असं मी धरून चालले होते. एवढी माणसं ऐकतायत म्हणून मला बरं वाटत होतं. आता खणात कुणी नसेल, तर त्या तिसऱ्या नंबराचं मी करू काय?

रागावले आहे. आज लोभाबद्दल काही लिहीत नाही.

मावशी

*

ता. ७ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दुकानात, काउंटरवरच वाचलं. मग खण उघडला आणि चारही फोन बंद केले. गटात लिहिलं, की मी मुका आकडा वाढवणार नाही, तुम्हीही वाढवू नका. अगं, काय तुटून पडले! कुणी म्हणालं, चौकडीवाले हेच करतात, आपणच सोवळे कशाला. कुणी फितूर म्हणालं. दोघींनी मात्र हळूच कळवलं, की आम्हीही बंद केलं. शेवटी मला गटातून काढलं. मी मागच्या खोलीत जाऊन रडले.

काकांनी विचारलं तेव्हा सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, मग लाव की मोठ्याने, मी अजून ऐकलंच नाही! आम्ही दुकानात गाणं लावलं. डोळे तपासायला आलेला एक बसचालक अक्षरं वाचायची सोडून मान डोलवायला लागला. त्याने नाव विचारून घेतलं. एका बाईंनी काकांना पुन्हा लावायला सांगितलं. मी भिंग घासत होते आणि माझ्या लक्षात आलं, दुसऱ्या कडव्यात पिपाणी श्वास घेते तो ऐकू येतो. इतके दिवस लावलं होतं आणि तो श्वास मी ऐकलाच नव्हता.

शुक्रवारी दुपारी यादी लागली. काका आणि मी एकाच पडद्यावर वाकलो होतो. दुसरी. चौकडी पहिलीच, अगदी थोडक्यात. आता गट म्हणतो, फितुरीमुळे हरलो. खरं असेलही. मावशी, मीच तिला हरवलं का गं?

तरी एक चोरटा आनंद आहे. फोन बंद केल्यानंतरचं माझ्या वाट्याचं जेवढं त्या आकड्यात आहे, तेवढं ऐकलेलं आहे. त्या गाण्याचे शब्द सोबत लिहून पाठवते. आधीच पाठवायला हवे होते. तू आकडे मागितलेस, मी आकडेच दिले.

राग ओसरला असेल तर दोन ओळी लिही. नसेल तर चार लिही.

भिंगरी

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून लिहितेय! कंपनीने आत्ता जाहीर केलं, अल्बम काढणार! पुढच्या वर्षी, पण काढणार! काकांनी सगळ्या गिऱ्हाइकांना सांगितलं. एकाने पिपाणी म्हणजे कुठला डॉक्टर, असं विचारलं.

*

ता. १२ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद, आणि त्यावर आणखी थोडे.

तू कुणाला हरवलं नाहीस. दुसरा नंबर म्हणजे काय रस्त्यावर पडलेला असतो? तलावावर तिकिटं फाडणारी पोर देशात दुसरी आली, आणि अल्बम काढतेय! मी काचेवर दोन काढला आणि खाली ‘अल्बम’ असं लिहिलं. कात्रीवाल्यांनी एक पुसला नाही, पण तिथून हात जोडले.

आता माझी बातमी. तू पाठवलेले शब्द मी मशीनपाशी ठेवले होते. कान गेल्यापासून मी तोंडातून सूर काढलेला नाही. बेसूर झालं तर मला कळणार कसं, ही लाज. पण ते शब्द असे आहेत, की नुसते वाचवेनात. दुकानात कुणी नव्हतं. चाल माहीत नाही, म्हणून माझीच लावली आणि म्हटलं. आधी बेताने, मग घसा मोकळा सोडून. छातीत आणि दातांत तेवढं जाणवत होतं. आवाज किती मोठा लागतोय, याचा काही पत्ता नाही.

वर बघते तर दारात कात्रीवाले! हातात कात्री, मागे गळ्याला कापड बांधलेलं, अर्धे केस कापलेलं गिऱ्हाईक, त्याच्यामागे आणखी दोघं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, तक्रार घेऊन आले. त्यांनी माझा बेतायचा खडू उचलला, निळ्या अस्तरावर काहीतरी लिहिलं आणि कापड माझ्याकडे फिरवलं.

‘चाल साफ चुकली. पुन्हा म्हणा.’

मग मी पुन्हा म्हटलं. ते गिऱ्हाईक तसंच अर्ध्या डोक्याने खाली बसलं आणि शेवटपर्यंत उठलं नाही.

ते अस्तर मी धुतलेलं नाही. पडद्याला दुसरं लावीन.

लोभ आहे. पहिला आहे, आणि मुका नाही.

तुझी मावशी